किती काढावे, किती राखावे : नाकातील टर्बिनेटवरील शस्त्रक्रियेचा इतिहास

'नाकातले हाड वाढले आहे' हे वाक्य महाराष्ट्रातील घराघरांत परिचित असले, तरी त्या एका वाक्यात दोन-तीन निरनिराळ्या विकारांची सरमिसळ होत असते. नाकाचा मधला पडदा वाकडा असणे, सोललेल्या द्राक्षासारखी मऊ, लोंबती वाढ म्हणजे पॉलिप नाकात उद्भवणे, आणि नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर मुळातच असणारे मांसल कंगोरे फुगून श्वासाची वाट अडणे, या तिन्ही अवस्थांना बोलीत बहुधा हेच नाव मिळते. यांपैकी तिसऱ्या अवस्थेचा, म्हणजे फुगलेल्या टर्बिनेटमुळे वर्षानुवर्षे चोंदलेल्या नाकाचा, शस्त्रक्रियेशी जो संबंध आला त्याचा इतिहास जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आहे. परंतु एखादा अवयव नीट समजण्याआधीच त्याच्यावर हत्यार चालवले गेले तर काय घडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडते.

नाकाच्या प्रत्येक पोकळीत बाहेरच्या भिंतीवरून आत वळलेले तीन कंगोरे असतात. शिंपल्यासारख्या आकारामुळे लॅटिनमध्ये त्यांना 'कोंका' म्हणतात, तर भोवरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'टर्बिनेट' हे नाव रूढ झाले असून आपल्याकडील दवाखान्यांतही तेच बोलले जाते. वरचे आणि मधले टर्बिनेट हे डोळ्यांच्या मध्ये असलेल्या चाळणीसारख्या हाडाचे भाग असतात, पण खालचे टर्बिनेट हे स्वतंत्र हाड असते आणि सुमारे चार-पाच सेंटिमीटर लांबीचे हे सर्वांत मोठे टर्बिनेटच नाक चोंदण्यास बहुतेक वेळा कारणीभूत ठरते. पातळ हाडावर श्लेष्मकला, म्हणजे नाकाचे ओलसर आतील अस्तर, पसरलेले असते आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांचे असे जाळे असते की त्यात रक्त भरले की ते फुगते व ओसरले की आकसते. १८५३ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ कोलराउश यांनी या फुगणाऱ्या ऊतीचे वर्णन केले. माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि ती घशापर्यंत पोहोचण्याच्या आतच जवळपास शरीराइतकी उबदार व दमट झालेली असते. हे काम मुख्यतः या कंगोऱ्यांचे आहे. श्वासमार्गातील एकूण अडथळ्यापैकी जवळजवळ निम्मा अडथळा निरोगी नाकच निर्माण करते, ही गोष्ट पुढील सर्व कथानकात ध्यानात ठेवावी लागते, कारण शल्यचिकित्सकांच्या कित्येक पिढ्यांनी या अडथळ्याकडे केवळ दोष म्हणून पाहिले.

प्राचीन वैद्यकाला नाक बंद होण्याचा त्रास ठाऊक होता, मात्र नाकाच्या आत पाहण्याचे साधन नसल्यामुळे कोणता भाग वाढला आहे हे ठरवणे शक्य नव्हते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ विकार मोजले असून त्यांत नाक कोंडणे, नाक कोरडे पडणे आणि नाकात अर्श, म्हणजे मांसल अंकुर, होणे यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. अर्शावर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. ग्रीक वैद्यांच्या हिप्पोक्रॅटीय ग्रंथांत नाकातील पॉलिप काढण्यासाठी दोऱ्या बांधलेला स्पंज नाकातून ओढून तोंडावाटे बाहेर काढण्याची रीत आढळते. या उपचारांत पॉलिपबरोबर कधी टर्बिनेटही हाती लागत असेल, पण त्या काळच्या वैद्याला तो फरक सांगता आला नसता. सर्दीचा स्राव मेंदूतून खाली झिरपतो ही समजूतही युरोपात दीर्घकाळ टिकून होती. विटेनबर्ग येथील कॉनराड श्नायडर यांनी सतराव्या शतकाच्या मध्यात तो स्राव नाकाच्या अस्तरातूनच निर्माण होतो असे दाखवून दिले, तेव्हा कुठे नाक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होण्याची वाट मोकळी झाली.

खरा बदल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाला. भोक पाडलेला अंतर्गोल आरसा कपाळावर बांधून दिव्याचा झोत नाकात टाकता येऊ लागला, नाकपुडी फाकवणारे चिमटे सुधारले, आणि घशात छोटा आरसा धरून नाकाची मागची बाजू पाहण्याची पद्धत चेरमाक यांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आणली. त्याच सुमारास विजेच्या घटावर तापवलेल्या प्लॅटिनमच्या तारेने ऊती जाळण्याचे तंत्र, म्हणजे विद्युत्-डागणी, उपलब्ध झाले. ब्रेस्लाउचे शल्यचिकित्सक मिडलडॉर्फ यांनी १८५४ मध्ये या तंत्रावर ग्रंथ लिहून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. ज्यांच्याकडे वीजघट नव्हते ते सळईच्या टोकावर क्रोमिक आम्लाचा मणी वितळवून तो टर्बिनेटवर टेकवीत. दोन्ही उपायांमागचा विचार एकच होता : अस्तर जळले की तेथे व्रण होतो, व्रण भरताना आकसतो, आणि फुगलेला भाग हाडाला घट्ट चिकटतो. त्यात अस्तरावरील सूक्ष्म केसांसारखे तंतू, जे धूळ व शेंबूड सतत मागे घशाकडे ढकलत असतात, कायमचे नष्ट होत. नाक मोकळे झालेले रुग्णाला लगेच कळे. हे नुकसान मात्र पुढे अनेक महिने खपल्यांच्या रूपाने प्रकट होई आणि तोवर त्याचा संबंध डागणीशी जोडला जाण्याची शक्यता मावळलेली असे.

या उपचारांना मर्यादेत ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वेदना, आणि १८८४ मध्ये तीही दूर झाली. व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी त्या वर्षी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखवले आणि काही महिन्यांतच नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते द्रावण उचलले. नाकात कोकेनचे दोन लाभ होत : भाग बधिर होई आणि रक्तवाहिन्या आकसल्यामुळे फुगलेले टर्बिनेट डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत लहान होऊन मागपर्यंतचा मार्ग दिसू लागे. या दुसऱ्या परिणामातून खरे तर एक मोठा धडा घेता आला असता. जो अवयव औषधाच्या चार थेंबांनी काही मिनिटांत आकसतो, तो 'वाढलेला' नसून केवळ फुगलेला आहे आणि त्याचे फुगणे-ओसरणे शरीराच्या कोणत्यातरी नियमाने चालते, असा विचार तेव्हा सुचायला हवा होता. तो अगदी थोड्यांना सुचला, आणि बाकीच्यांनी बधिर झालेल्या नाकात आता अधिक खोलवर, अधिक वेळ काम करता येते एवढाच अर्थ काढला.

त्याच १८८४ मध्ये फ्रायबुर्ग येथील विल्हेल्म हाक यांनी अर्धशिशी, दमा आणि परागज्वर यांचे मूळ नाकातील फुगलेल्या टर्बिनेटमध्ये असून ते डागल्यास हे विकार जातात, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाकाच्या अस्तराला झालेला उपद्रव मज्जातंतूंद्वारे दूरच्या अवयवांवर परिणाम करतो, या कल्पनेला 'नासिक प्रतिक्षेप' असे नाव मिळाले. तिच्यात सत्याचा अंश होता, कारण नाक आणि खालचा श्वासमार्ग यांचे नाते आजही मान्य आहे; पण त्या अंशावर जी इमारत उभी राहिली तिला पाया नव्हता. बर्लिनचे विल्हेल्म फ्लीस यांनी ही कल्पना टोकाला नेली. पोटदुखी, मासिक पाळीच्या वेदना आणि मनाचे विकार यांसाठीसुद्धा त्यांनी नाकातील ठरावीक जागा डागण्याचा उपचार पुरस्कारला आणि १८९७ मध्ये नाक व स्त्रीची जननेंद्रिये यांच्या संबंधावर पुस्तक लिहिले. सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे निकटचे मित्र होते आणि त्यांनी स्वतःच्या नाकावरही फ्लीस यांच्याकडून उपचार करून घेतले होते.

१८९५ च्या आरंभी फ्लीस यांनी व्हिएन्नात येऊन फ्रॉइड यांच्या एका तरुण स्त्री-रुग्णाच्या नाकातील मधल्या टर्बिनेटचा भाग कापून काढला. शस्त्रक्रियेनंतर नाकात दुर्गंधी आणि रक्तस्राव सुरू झाला. दुसऱ्या शल्यचिकित्सकाने तपासताना आत राहून गेलेली सुमारे अर्धा मीटर लांबीची कापडी पट्टी बाहेर ओढली, तेव्हा रक्ताचा असा लोट आला की रुग्ण काही क्षण मृत्यूच्या दारात होती. ती वाचली, पण चेहरा कायमचा विद्रूप झाला. फ्रॉइड यांच्या पत्रव्यवहारामुळे हा प्रसंग मनोविश्लेषणाच्या इतिहासात बहुचर्चित ठरला आहे. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान याहून वेगळे आणि अधिक गंभीर मानले पाहिजे. ज्या अवयवात रोग नव्हता तो अवयव केवळ एका सिद्धान्ताच्या आग्रहापायी कापला गेला, आणि असे करणारा डॉक्टर आपल्या काळातील सर्वमान्य साधने व सर्वमान्य तंत्रच वापरत होता.

१८९५ हे वर्ष या विषयात आणखी दोन कारणांनी लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये कार्माल्ट जोन्स यांनी खालचे टर्बिनेट समूळ काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार 'लॅन्सेट' या नियतकालिकातून केला. त्याआधी न्यूयॉर्कच्या विल्यम जार्विस यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी बारीक तारेचा फास टर्बिनेटच्या फुगलेल्या टोकाभोवती आवळून तो भाग छाटण्याची पद्धत रूढ केली होती. तीत निदान फुगलेला भागच निघत असे. जोन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हत्याराला इंग्रजीत जे नाव पडले ते सुतारकामातून आले होते, कारण गाडीच्या चाकाच्या आऱ्या तासण्याच्या रंध्यासारखेच ते काम करी. कड्यासारखे पाते नाकाच्या तळाने मागपर्यंत सरकवायचे, टर्बिनेटच्या मागच्या टोकाला अडकवायचे आणि एका झटक्यात पुढे ओढायचे, की अवयव हाडासकट बाहेर येई. ही क्रिया काही सेकंदांची होती आणि तिची झपाट्याने साथ पसरली. शस्त्रक्रियेनंतर होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी नाकात पट्ट्या ठासून भराव्या लागत, आणि महिना-दोन महिन्यांनी काही रुग्ण परत येत ते नाक कोरडे पडल्याची, घट्ट खपल्या धरत असल्याची तक्रार घेऊन.

दुसरी घटना त्याच वर्षी जर्मनीत घडली आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचे लक्ष गेले नाही. रिचर्ड कायझर यांनी दोन्ही नाकपुड्यांतून वाहणाऱ्या हवेचे मोजमाप करून असे नोंदवले की निरोगी माणसात काही तास एका बाजूचे टर्बिनेट फुगते व दुसऱ्या बाजूचे आकसते, आणि नंतर हा क्रम उलटतो. एकूण हवा मात्र जवळपास तेवढीच राहते. यालाच आज 'नासाचक्र' म्हणतात. चंद्रस्वर आणि सूर्यस्वर या नावांनी श्वास आलटून पालटून डाव्या-उजव्या नाकपुडीतून वाहतो हे निरीक्षण भारतीय स्वरशास्त्रात फार पूर्वीपासून आहे, जरी त्याचे स्पष्टीकरण आणि त्यावर उभारलेली फलिते वेगळ्या प्रकारची असली तरी. कायझर यांच्या मोजमापाचा शल्यचिकित्सेच्या दृष्टीने अर्थ असा होता की एखाद्या सकाळी दवाखान्यात फुगलेले दिसणारे टर्बिनेट संध्याकाळी आकसलेले असू शकते, आणि एका तपासणीवरून ते कापण्याचा निर्णय घेणे धोक्याचे आहे. अमेरिकेत हीटडर्क्स यांनी १९२७ मध्ये हा विषय पुन्हा हाती घेईपर्यंत बत्तीस वर्षे गेली; एवढ्या काळात जे टर्बिनेट कापले गेले त्यांपैकी कितीतरी रोगग्रस्त नसून केवळ आपल्या पाळीवर होते, असे मानण्यास जागा आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र शल्यचिकित्सकांच्याच वर्तुळातून विरोध सुरू झाला. समूळ छेदनानंतर उद्भवणाऱ्या कोरड्या, खपल्या धरणाऱ्या, कधी दुर्गंधी सुटणाऱ्या नाकाचे साम्य त्यांना एका जुन्या रोगाशी दिसले. अस्तर आणि हाड झिजून नाक आतून पोकळ होणाऱ्या या रोगाला आपल्याकडे पीनस म्हणतात, आणि भारतीय डॉक्टरांच्या अनुभवात तो नेहमीचा होता. प्रगत अवस्थेत अशा नाकात माश्या अंडी घालून किडे पडत. या रोगाच्या रुग्णाचे नाक वैद्याला भुयारासारखे मोकळे दिसते, आणि तरीही रुग्ण नाक चोंदल्याचीच तक्रार करतो. मोकळे नाक आणि मोकळा श्वास या दोन गोष्टी एक नाहीत, हे सांगणारा पुरावा म्हणजे पीनस होता. या रोगावर ऑस्टेन यंग यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया तर चक्क नाकपुड्या शिवून बंद करण्याची होती, म्हणजे हवेचा मारा थांबून अस्तराला सावरायला अवधी मिळावा.

विरोधातून पर्यायही निघाले. ज्या फ्रायबुर्गमध्ये हाक यांनी डागणीचा पुरस्कार केला होता, तेथेच गुस्ताव किलियान यांनी १९०४ मध्ये टर्बिनेट न कापता त्याचे हाड मोडून बाहेरच्या भिंतीकडे ढकलण्याची रीत सांगितली. त्यानंतरच्या काही वर्षांत, विशेषतः शिकागोच्या ऑटो फ्रीर यांच्या कामातून, अस्तराला बारीक छेद घेऊन त्याखालचे हाड तेवढे काढायचे आणि अस्तर परत जागेवर बसवायचे, ही अधोश्लेष्मल छेदनाची कल्पना आकाराला आली. नाकाच्या वाकड्या पडद्यावर याच दोघांनी अशाच तत्त्वाने शस्त्रक्रिया बसवली होती, आणि टर्बिनेटवरील उपाय हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होते. आजच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणी कल्पना हीच. परंतु अपुऱ्या प्रकाशात ती करणे कठीण, वेळखाऊ आणि रक्तबंबाळ काम असल्यामुळे ती थोड्या कुशल हातांपुरतीच राहिली.

पुढचे अर्धशतक लहानमोठ्या प्रयोगांचे होते. सेंट लुईसच्या आर्थर प्रोट्झ यांनी १९४१ मध्ये नाकाच्या उपयोजित शरीरक्रियाशास्त्रावर पुस्तक लिहून हवा नाकातून कशी वळणे घेत जाते आणि अस्तराला ओलावा किती आवश्यक असतो हे समजावून दिले. १९५० च्या दशकात टर्बिनेटमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची रीत आली. तिने सूज उतरे, पण औषधाचे कण उलट दिशेने डोळ्याच्या रक्तवाहिनीत शिरून दृष्टी जाण्याचे प्रसंग नोंदले गेले. १९६१ मध्ये इंग्लंडच्या गोल्डिंग-वुड यांनी टर्बिनेटला हात न लावता नाकाला स्राव सुटण्याचा संदेश देणारा मज्जातंतूच तोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली, १९७० च्या सुमारास अतिथंड सळईने टर्बिनेट गोठवण्यात येऊ लागले, आणि १९७७ मध्ये जर्मनीत लेंझ यांनी लेसर वापरला. साधन दरवेळी नवे होते, पण डागणीच्या काळापासून चालत आलेली चूक बहुतेकांत कायम होती, कारण खालच्या ऊतीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग वरच्या अस्तरातूनच जात होता आणि अस्तराचीच आहुती पडत होती.

याच काळात समूळ छेदनाने पुन्हा डोके वर काढले, ही गोष्ट इतिहासाच्या विस्मरणाची साक्ष देते. १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिका व इस्राएल येथील काही शल्यचिकित्सकांनी खालचे टर्बिनेट पूर्ण किंवा बरेचसे काढूनही आपल्या रुग्णांत कोरडेपणाचा मोठा त्रास आढळला नाही, असे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि दमट हवेच्या प्रदेशांत तरी ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे असा युक्तिवाद पुढे आला. त्यांची प्रामाणिकता संशयातीत असली, तरी अशा दुष्परिणामांना दिसू लागायला अनेक वर्षे लागतात आणि त्रस्त रुग्ण बहुधा पहिल्या डॉक्टरकडे परत जात नाही. असे रुग्ण मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये युजीन कर्न यांच्याकडे येत गेले. त्यांच्या सीटी स्कॅनच्या चित्रांत टर्बिनेटच्या जागी नुसती काळी पोकळी दिसे, आणि रुग्ण मात्र गुदमरल्यासारखे वाटते, रात्री झोप लागत नाही, श्वास आत गेल्याचे कळतच नाही असे सांगत. १९९४ मध्ये कर्न आणि स्टेंकविस्ट यांनी या अवस्थेला 'रिकामे नाक' असे नाव दिले. २००१ मध्ये कर्न व मूर यांनी पीनसासारख्या झिजलेल्या नाकांच्या २४२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांच्या विकाराचे मूळ आधीच्या शस्त्रक्रियेत असल्याचे दिसून आले. कितीतरी वर्षे अशा रुग्णांची तक्रार मानसिक ठरवली जात होती, आणि त्यांच्या दुःखात या अविश्वासाचा वाटा थोडा नव्हता.

मोकळ्या नाकात गुदमरण्याचे कोडे उलगडण्यास मदत झाली ती संवेदनांच्या अभ्यासाची. कार्डिफ येथील रॉन एक्लस यांनी १९८० च्या दशकात दाखवले की मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण मोजले असता हवेचा अडथळा बदललेला नसतो. हवा वाहते आहे हे नाकाला कळते ते अस्तर थंड झाल्याने, आणि गारवा व मेंथॉल या दोहोंना प्रतिसाद देणारा ग्राहक रेणू २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. टर्बिनेट गेले की हवेचा झोत पसरट व सुस्त होतो, अस्तराला नीट भिडत नाही, आणि उरलेल्या अस्तराची जाणीवही क्षीण झालेली असू शकते. त्यामुळे फुप्फुसांत हवा पुरेशी पोहोचत असूनही मेंदूपर्यंत श्वासाची वार्ता जात नाही.

दरम्यान कोणती पद्धत बरी हे तपासण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न इटलीतील सिएना येथे झाला. डेसिडेरिओ पसाली आणि सहकाऱ्यांनी ३८२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे सहा गटांत विभागणी करून समूळ छेदन, लेसर, विद्युत्-डागणी, गोठवणे, अधोश्लेष्मल छेदन, आणि अधोश्लेष्मल छेदनासोबत टर्बिनेट बाहेर ढकलणे, यांची तुलना सहा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्याने केली. शेवटची पद्धत, म्हणजे किलियान आणि फ्रीर यांच्या कल्पनांची बेरीज, दीर्घकाळात सर्वांत चांगली ठरली. नव्वद वर्षांपूर्वी हाताच्या कौशल्यावर अवलंबून असलेले हे काम आता दुर्बिणीमुळे अनेकांना जमू लागले होते. १९९० च्या दशकात गुडघ्याच्या सांध्यात वापरले जाणारे फिरत्या पात्याचे, ओढून कापणारे उपकरण नाकासाठी लहान केले गेले, आणि १९९८ मध्ये स्टॅनफर्ड येथील झोप-विकारांच्या शल्यचिकित्सकांनी अस्तराखाली सुई खुपसून रेडिओलहरींच्या सौम्य उष्णतेने आतील ऊती आकसवण्याचे तंत्र टर्बिनेटला लावले. १९७० च्या दशकापासून नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्यांनी ॲलर्जीची सूज आटोक्यात येऊ लागल्याने मुळात शस्त्रक्रियेपर्यंत येणाऱ्यांची संख्याही घटली आहे, आणि आज सुजाण कान-नाक-घसा तज्ज्ञ फवाऱ्याचा पुरेसा काळ वापर करून पाहिल्याशिवाय हत्यार उचलत नाही.

ज्यांचे टर्बिनेट आधीच गेले आहेत त्यांच्यासाठी याच शतकात उलट दिशेची शस्त्रक्रिया सुरू झाली असून तीत नाकाच्या भिंतीत अस्तराखाली कूर्चा किंवा प्रक्रिया केलेली त्वचा भरून गेलेल्या कंगोऱ्याचा फुगवटा पुन्हा उभारला जातो. तिचा उपयोग होईल का हे आधी पाहण्यासाठी एक अगदी साधी चाचणी करतात : मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाची छोटी घडी टर्बिनेटच्या रिकाम्या जागी ठेवून रुग्णाला अर्धा तास बसवले जाते. नाकातील वाट त्या घडीने अरुंद झालेली असते, आणि अशा रुग्णांपैकी अनेक जण तेव्हा प्रथमच नीट श्वास आल्याचे सांगतात.